चाळिशीच्या आसपास आई होताना: धोका नेमका किती, तपासण्या कोणत्या आणि कायदा काय सांगतो?

अभिनेत्री कतरिना कैफला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी मुलगा झाला, तेव्हा ती ४२ वर्षांची होती. अभिनंदनाच्या पोस्टखाली तिच्या वयाचीही चर्चा रंगली. कुणाला तो दिलासा वाटला, तर कुणाला काळजीचा विषय.

त्याआधी मार्च २०२४ मध्ये दिवंगत पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला याच्या आई चरण कौर यांनी ५८ व्या वर्षी आयव्हीएफच्या मदतीने मुलाला जन्म दिला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याबद्दल पंजाब सरकारकडे अहवाल मागवला. २०१९ मध्ये तर आंध्र प्रदेशातल्या एर्रामट्टी मंगायम्मा यांनी सत्तरी ओलांडल्यावर जुळ्या मुलींना जन्म दिल्याची बातमी जगभर पोचली होती.

मोबाईलच्या स्क्रीनवर या तिन्ही बातम्या एकाच प्रकारच्या वाटतात: 'उशिरा झालेली आई'. पण वैद्यकीयदृष्ट्या ३६, ४२, ५८ आणि ७० या वयातली गर्भधारणा ही चार वेगवेगळी प्रकरणं आहेत. त्यांचे धोके वेगळे, उपचार वेगळे आणि आता भारतात त्यांचा कायदाही वेगळा.

शिक्षण, नोकरी, घराचे हप्ते, उशिरा ठरलेलं लग्न, दुसरं लग्न किंवा वर्षानुवर्षं चाललेले उपचार. कारण काहीही असो, पस्तिशीनंतर पहिल्यांदा आई होणाऱ्या बायका आता शहरांत सहज दिसतात. त्यांच्या वाट्याला दोन टोकाचे सल्ले येतात. 'आता फार उशीर झाला' आणि 'आजकाल काय, सगळं होतं'. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. ते का, हे समजून घेऊया.

'पस्तिशी' हा आकडा आला कुठून?

३५ वर्षांनंतरच्या गर्भधारणेला डॉक्टर 'अ‍ॅडव्हान्स्ड मॅटर्नल एज' म्हणतात. काही दवाखान्यांच्या कागदांवर अजूनही 'एल्डरली' असा शेरा दिसतो. तो वाचून ३६ वर्षांची बाई घाबरली नाही तरच नवल.

पण ३५ व्या वाढदिवशी शरीरात कोणतंही बटण दाबलं जात नाही. या आकड्यामागे एक जुना हिशोब आहे. १९७० च्या दशकात अ‍ॅम्निओसेंटेसिस ही तपासणी रुळली. यात सुईने गर्भजल काढून बाळाची गुणसूत्रं तपासतात. या तपासणीमुळे गर्भपात होण्याचा थोडा धोका असतो. साधारण पस्तिशीच्या सुमारास बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता आणि तपासणीमुळे गर्भपात होण्याची शक्यता सारखी होते, असं तेव्हाचं गणित होतं. म्हणून पस्तिशीनंतर ही तपासणी सुचवायची, असं ठरलं आणि तो आकडा पुढे सगळीकडे चिकटला.

भारताच्या कायद्यातही तो आहे. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यात गर्भाच्या तपासण्या कोणत्या परिस्थितीत करता येतील याची यादी दिली आहे. त्यातली पहिलीच अट आहे, गरोदर स्त्रीचं वय ३५ पेक्षा जास्त असणं.

थोडक्यात, पस्तिशी ही डॉक्टरांना 'इथून पुढे जरा जास्त लक्ष द्या' असं सांगणारी खूण आहे. प्रत्यक्षात धोका हळूहळू वाढतो. ३४ आणि ३६ मध्ये फारसा फरक नसतो. ३६ आणि ४३ मध्ये मात्र मोठा फरक असतो.

वय वाढलं की शरीरात काय बदलतं?

मुख्य बदल स्त्रीबीजांत होतो. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत नव्याने तयार होतात. स्त्रीचं तसं नाही. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोशात साधारण १० ते २० लाख अपरिपक्व स्त्रीबीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि पुढे दर महिन्याला ती कमी होत जातात.

संख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर्जा. ४० वर्षांच्या बाईचं स्त्रीबीजही ४० वर्षांचंच असतं. इतकी वर्षं थांबून राहिलेलं बीज शेवटच्या टप्प्यात विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. गर्भ न राहणं, लवकर गर्भपात होणं आणि डाउन सिंड्रोमसारखी स्थिती या तिन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा हेच कारण असतं.

अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या माहितीनुसार, निरोगी स्त्रीला तिशीत दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता साधारण २० टक्के असते. चाळिशीत ती ५ टक्क्यांच्याही खाली येते.

गर्भाशय मात्र इतक्या वेगाने म्हातारं होत नाही. म्हणूनच तरुण दात्रीचं स्त्रीबीज वापरलं तर पन्नाशीतही गर्भ राहू शकतो. साठीत-सत्तरीत मूल झाल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यामागे जवळजवळ नेहमी दुसऱ्या स्त्रीचं बीज असतं. बातमीत ही गोष्ट बऱ्याचदा येत नाही. मग ३८ वर्षांची वाचक समजते, 'तिला सत्तरीत झालं, मला अजून वेळ आहे.' या गैरसमजाची किंमत मोठी असते.

दुसरा बदल आईच्या शरीरातला. वयासोबत रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, वजन, फायब्रॉइड अशा गोष्टी वाढत जातात आणि गरोदरपणात हृदय, मूत्रपिंडं, रक्तवाहिन्या यांच्यावर आधीच जास्त ताण असतो. दुसऱ्या स्त्रीचं बीज वापरलं तर गुणसूत्रांचा धोका बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयाप्रमाणे ठरतो. पण आईच्या शरीरावरचा हा भार तिच्या स्वतःच्या वयाप्रमाणेच राहतो.

धोका किती? आकडे नीट वाचूया

'चाळिशीनंतर धोका दहापट' अशी ओळ असलेली रील कुणाचीही झोप उडवू शकते. पण दहापट म्हणजे कशाच्या दहापट, हे विचारायला हवं.

डाउन सिंड्रोमचं उदाहरण घेऊ. बाळाला ही स्थिती असण्याची शक्यता आईच्या २५ व्या वर्षी साधारण १,२५० जन्मांत १ अशी असते. ३५ व्या वर्षी ती ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १ आणि ४५ व्या वर्षी ३० मध्ये १ होते. पंचविशीच्या तुलनेत चाळिशीतला धोका १२ पटींहून जास्त आहे, हे खरं. आणि ४० वर्षांच्या १०० आयांपैकी ९९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली तरच चित्र कळतं.

गर्भपाताचे आकडे मात्र जास्त बोचरे आहेत. नॉर्वेतल्या गर्भधारणांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पंचविशी ते तिशीच्या दरम्यान गर्भपाताचं प्रमाण सर्वात कमी, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास होतं. ४५ नंतर ते ५० टक्क्यांच्या वर गेलं. उशिरा गर्भधारणेचा निर्णय घेणाऱ्या जोडप्याला ही शक्यता आधीच माहीत असायला हवी. नाहीतर 'जिना चढलीस म्हणून झालं', 'ऑफिसला जात राहिलीस म्हणून झालं' असे दोष बाईच्याच माथी येतात. सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपाताचं कारण बहुतेक वेळा गुणसूत्रांतला दोष असतं. जिना किंवा ऑफिस नव्हे.

मधुमेह आणि रक्तदाबाचा धोकाही वाढतो. रक्तदाब वाढून मूत्रपिंडं, यकृत अशा अवयवांवर परिणाम होण्याच्या स्थितीला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. चाळिशीनंतर तिचा धोका तरुण स्त्रियांच्या तुलनेत दुपटीच्या आसपास जातो. वार खाली असणं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होणं, बाळाचं वजन कमी भरणं आणि सिझेरियन करावं लागणं यांचंही प्रमाण वाढतं.

दिवस भरत आल्यावर बाळ पोटातच दगावण्याची भीती सर्वात मोठी. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने दिलेल्या माहितीनुसार, ३९ ते ४० आठवड्यांच्या टप्प्यावर हा धोका पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांत हजारात १ आणि चाळिशीनंतर हजारात २ असतो. धोका दुप्पट, पण दोन्ही आकडे लहान. म्हणूनच चाळिशीनंतरच्या गरोदरपणात तारखेच्या पुढे फार वाट न पाहता ३९-४० आठवड्यांच्या सुमारास कळा आणण्याचा विचार डॉक्टर करतात.

त्यामुळे सिझेरियन वाढेल का? ब्रिटनमध्ये ३५ किंवा त्याहून जास्त वयाच्या, पहिलटकरीण असलेल्या ६०० हून अधिक स्त्रियांवर याचा अभ्यास झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणल्याने सिझेरियनचं प्रमाण वाढलं नाही, असा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष आहे. 'वय जास्त आहे म्हणून थेट सिझर' असा नियम कुठेच नाही. डॉक्टरांनी तसं सुचवलं तर वयाव्यतिरिक्त काय कारण आहे, हे विचारायला हरकत नाही.

गरोदर राहण्याआधीचे तीन महिने

आपल्याकडे दवाखान्याची पहिली फेरी पाळी चुकल्यावर होते. पस्तिशीनंतर ती आधीच व्हायला हवी, कारण बाळाचा मेंदू, मणका आणि हृदय घडण्याची सुरुवात पहिल्या काही आठवड्यांतच होते. अनेकींना तोवर गर्भ राहिल्याचं कळलेलंही नसतं.

फोलिक अ‍ॅसिड: रोज ४०० मायक्रोग्रॅम. गर्भधारणेच्या आधीपासून सुरू करून पहिले तीन महिने घेतल्यास मणक्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष टाळायला मदत होते. मधुमेह किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात. गोळी स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर आधीच कमी असलेलं रक्त जिवावर बेतू शकतं.

चालू असलेली औषधं: पस्तिशीनंतर अनेकींना रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची किंवा फिट्सची गोळी सुरू असते. रक्तदाबाची काही औषधं आणि फिट्ससाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट बाळाला घातक ठरू शकतं. म्हणून ती गर्भधारणेआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. स्वतःच्या मनाने बंद करणंही तितकंच धोक्याचं आहे.

लस: रुबेलाची लस गरोदरपणात देता येत नाही. ती आधी घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना थांबावं.

वजन आणि व्यसन: वजन आटोक्यात असेल तर मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींचा धोका कमी होतो. तंबाखू फक्त सिगारेटमध्ये नसतो. मशेरी आणि गुटखाही त्यातच येतात.

वाट किती पाहायची, याचाही ठरलेला नियम आहे. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर तज्ज्ञांकडे जावं. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच जावं आणि चाळिशीनंतर सुरुवातीलाच.

आणि वडिलांचं वय?

'मूल होत नाही' म्हटलं की पहिली फाइल बायकोच्या नावाची निघते. तिची सोनोग्राफी, तिची दुर्बीण, तिची इंजेक्शनं. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा सोबतीने असतं. वीर्यतपासणी ही सर्वात सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. ती शेवटी होते, अशी घरं कमी नाहीत. पस्तिशीनंतर असे वाया गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

पुरुषाला वयाची मर्यादा नाही, हाही समज अर्धाच बरोबर. आइसलंडमधल्या कुटुंबांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात सरासरी दोन नवे जनुकीय बदल वाढलेले दिसले. त्यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. पण 'घड्याळ फक्त बाईचंच' हे काही खरं नाही.

गरोदरपणात कोणत्या तपासण्या, कधी?

११ ते १४ आठवडे: एनटी सोनोग्राफी आणि त्यासोबत डबल मार्कर ही रक्ततपासणी. यावरून गुणसूत्रांच्या दोषाचा धोका कमी की जास्त, हे कळतं.

१० आठवड्यांनंतर कधीही: एनआयपीटी. यात आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएचे अंश तपासतात. डाउन सिंड्रोमच्या बाबतीत ती डबल मार्करपेक्षा बरीच अचूक आहे, पण महाग आहे. आणि तीही चाळणीच आहे. निकाल 'हाय रिस्क' आला म्हणजे निदान झालं असं नाही. खात्रीसाठी अ‍ॅम्निओसेंटेसिससारखी तपासणी लागते. केवळ एनआयपीटीच्या कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. याच तपासणीतून लिंगही कळू शकतं, पण भारतात ते सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे.

१२ ते १६ आठवडे: प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त वाटला तर डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. चाळिशीनंतरचं वय हे त्यासाठी विचारात घेतलं जाणारं एक कारण आहे. ती वेळेत सुरू झाली तरच उपयोग होतो. म्हणून तिसऱ्या महिन्यातली भेट चुकवायची नाही.

१८ ते २० आठवडे: बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी. तिची वेळ चुकवू नये, यामागे कायद्याचंही कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे बाळात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफी जितकी उशिरा, तितका विचार करायला वेळ कमी.

पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत: साखरेची तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यानंतर दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात.

प्रत्येक भेटीत: रक्तदाब. तो १४०/९० किंवा जास्त असेल, सतत डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, चेहरा आणि हात अचानक सुजले असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही.

आता थोडं घरच्या सल्ल्यांबद्दल. 'दोन जिवांचं खा' आणि 'या वयात पडूनच राहा' हे दोन सल्ले उशिराच्या गरोदरपणात हमखास मिळतात. दोन्ही मिळून वजन आणि साखर वाढवतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्यातून १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सुरक्षित आणि फायद्याचा आहे. सरसकट 'बेड रेस्ट'ने गर्भपात टळतो, याला आधार नाही. उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

एग फ्रीझिंग: विमा की जाहिरात?

माजी मिस वर्ल्ड डायना हेडन हिने ३२ व्या वर्षी स्त्रीबीजं गोठवून ठेवली आणि त्यातून जानेवारी २०१६ मध्ये, ४२ व्या वर्षी तिला मुलगी झाली. तेव्हापासून भारतात एग फ्रीझिंग हा शब्द घराघरात पोचला. आता तर त्याच्या जाहिराती थेट इन्स्टाग्रामवर येतात.

तंत्र भरवशाचं आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने त्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. कॅन्सरच्या उपचारांआधी तर ते वरदानच आहे. पण जाहिरातीत दोन गोष्टी लहान अक्षरांत असतात. पहिली, बीजं कोणत्या वयात गोठवली यावर सगळं अवलंबून आहे. पस्तिशीच्या आत गोठवलेली बीजं आणि चाळिशीत गोठवलेली बीजं यांच्या यशात मोठं अंतर असतं. दुसरी, गोठवलेलं प्रत्येक बीज टिकत नाही, टिकलेलं प्रत्येक फलित होत नाही आणि फलित झालेलं प्रत्येक गर्भाशयात रुजत नाही. खर्च लाखांत जातो आणि साठवणुकीचं भाडं दरवर्षी वेगळं द्यावं लागतं.

'तुमचं फर्टिलिटी वय तपासा' म्हणून एएमएच या रक्ततपासणीची पॅकेजंही विकली जातात. एएमएचवरून बीजांचा अंदाजे साठा कळतो आणि आयव्हीएफची मात्रा ठरवायला डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पण २०१७ मध्ये 'जामा'त आलेल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांमध्ये एएमएच कमी असणाऱ्यांनाही नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याचं प्रमाण इतरांइतकंच दिसलं. त्यामुळे केवळ या एका आकड्यावरून घाबरून बीजं गोठवायला धावू नये आणि आकडा चांगला आला म्हणून निर्धास्तही राहू नये.

कायदा काय म्हणतो?

मंगायम्मांचं बाळंतपण झालं तेव्हा देशात आयव्हीएफला वयाची कायदेशीर मर्यादा नव्हती. २०२१ मध्ये एआरटी कायदा, म्हणजे सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आला आणि चित्र बदललं.

या कायद्यानुसार आयव्हीएफसारखे उपचार २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी वयाच्या स्त्रीवर करता येतात. पुरुषासाठी ही मर्यादा ५५ आहे. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही हे उपचार घेता येतात. मूसेवाला कुटुंबाच्या बातमीनंतर केंद्राने अहवाल मागवला, तो याच वयोमर्यादेच्या आधारे.

स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीचं वय २३ ते ३५ असायला हवं. ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत. गोठवलेले भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. क्लिनिक नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. उपचार सुरू करण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.

सरोगसीचा कायदा वेगळा आहे. त्यात पत्नीचं वय २३ ते ५० आणि पतीचं २६ ते ५५ असावं लागतं. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी ३५ ते ४५ ही मर्यादा आहे. पैसे देऊन सरोगसी करायला बंदी आहे. कायदा लागू होण्याआधीच भ्रूण गोठवून प्रक्रिया सुरू केलेल्या जोडप्यांना ही वयोमर्यादा लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. मात्र हा दिलासा त्या जुन्या प्रकरणांपुरताच आहे.

खिशाचा आणि माणसांचा हिशोब

तिशीच्या मध्यानंतर आई होणारी म्हणजे पैसेवाली, असं समजायचं कारण नाही. सरकारी व्यवस्थेतही या वयासाठी सोय आहे. 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. पस्तिशीपुढचं वय जोखमीत धरलं जातं. लाल स्टिकर लागला म्हणजे काहीतरी वाईट झालं असं नाही. पुढच्या माणसाने जास्त लक्ष द्यावं, यासाठी तो असतो. 'जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमा'त सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, गरज पडल्यास सिझेरियन, औषधं आणि ने-आण मोफत आहे.

अडचण आहे ती उपचारांची. आयव्हीएफचा मोठा भाग आजही खासगी क्षेत्रात आहे. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं, पण अशी उदाहरणं मोजकीच आहेत. आरोग्य विम्यात बाळंतपणाच्या खर्चासाठी बऱ्याचदा दोन ते चार वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. तिशीत असाल आणि पुढे मूल हवं असेल, तर पॉलिसीची ही ओळ आजच वाचा.

नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण आयव्हीएफची इंजेक्शनं, वारंवारच्या सोनोग्राफी आणि गर्भपातानंतर मनाला लागणारा वेळ यांची सोय बहुतेक ऑफिसांत 'बरं नाही' या कारणाखालीच लागते.

आणखी एक हिशोब माणसांचा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे. मुलगी २५ ची असते तेव्हा तिची आई पन्नाशीची असते. मुलगी ४० ची असेल तर आई पासष्टी-सत्तरीची, कदाचित गुडघ्याच्या ऑपरेशनच्या प्रतीक्षेत. बाळंतिणीला शेक कोण देणार, रात्री बाळ कोण घेणार, हे प्रश्न या वयात वेगळे होतात. नवऱ्याची रजा, मोठी बहीण, पगारी मदत यांची जुळणी सातव्या महिन्यात करायला हवी. एकीकडे तान्हं बाळ आणि दुसरीकडे आजारी आईवडील, असा दुहेरी भार आला की बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला उशीर होतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं हे दिसलं तर 'थकली असेल' म्हणून सोडून न देता डॉक्टरांशी बोलायला हवं.

चर्चेची दुसरी बाजू

'पूर्वी विशीत मुलं व्हायची, तेच बरं होतं', ही प्रतिक्रिया अशा बातम्यांखाली नेहमी दिसते. पूर्वीही पस्तिशीनंतर बाळंतपणं होत होती. फक्त ती चौथी, पाचवी, सहावी असायची. आणि फार लवकरचं बाळंतपणही सुरक्षित नसतं. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेलं होतं. वीस वर्षांखालच्या मातेलाही आरोग्य खातं जोखमीच्याच यादीत धरतं. म्हणजे एकाच राज्यात एका बाजूला चाळिशीतली पहिलटकरीण आहे आणि दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांची. दोघींनाही लाल स्टिकर लागतो. पण ट्रोलिंग होतं ते पहिलीचंच.

ज्यांना मूल हवं आहे आणि परिस्थिती जुळते आहे, त्यांनी तंत्रज्ञानाच्या भरवशावर विनाकारण थांबू नये. बीजाचं वय मागे नेणारं औषध आज नाही. पण ज्यांच्या आयुष्यात ही वेळच उशिरा आली, त्यांना दरवाजा बंद झाला असं सांगणंही चुकीचं आहे. पस्तिशीनंतरच्या बहुतेक स्त्रिया निरोगी बाळाला जन्म देतात. पहिली भेट गर्भधारणेच्या आधी, जोडीदाराची तपासणी सोबत, तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफी वेळेवर, रक्तदाब आणि साखरेवर सतत नजर आणि सिझेरियन व रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी बाळंतपण. एवढं पाळलं तर धोका शून्य होत नाही, पण तो वेळेत हातात येतो.

(या लेखातली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषधं, तपासण्या आणि उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)